मेथीची जुडी आणि सफरचंद

किसननानांनी आयुष्यात कधी सफरचंद विकत घेतलं नव्हतं. एखादा माणूस "मी कधी दारूला शिवलो नाही" हे ज्या थाटात सांगतो, त्याच थाटात ते ही गोष्ट सांगायचे. खाल्लंही नव्हतं म्हणे. समोर आलं तर हातात घेऊन वजन करायचे, फिरवून बघायचे आणि परत ठेवून द्यायचे.

माझी त्यांची खरी ओळख झाली तीही सफरचंदांमुळेच. मी परभणीहून चाकणच्या गाड्यांच्या कंपनीत नवा लागलो होतो. बाहेरून येणारा माल तपासायच्या खात्यात माझं टेबल नानांच्या टेबलाला लागून होतं, पण नमस्कारापलीकडे बोलणं नव्हतं. तेवढ्यात मला डेंग्यू झाला आणि मी दवाखान्यात पडलो. आमच्या कंपनीत रीत अशी की कुणी अॅडमिट झालं की खात्यात वर्गणी निघते आणि चार जण पिशवीभर सफरचंदं घेऊन येतात. उभ्या उभ्या चौकशी करतात, सलाइनच्या बाटलीकडे बघतात, "काळजी घे भावा" म्हणतात आणि शिफ्टला पळतात. तसे ते येऊन गेले. दुसऱ्या दिवशी नाना एकटे आले. बुटका, काटक माणूस, कंपनीचा निळा शर्ट, चष्म्याला मागून दोरी, आणि काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेली मेथीची जुडी. नर्सला वाटलं, आजोबा भाजी घेऊन चुकीच्या दारात शिरले.

स्टुलावर बसल्यावर त्यांनी आधी माझ्याकडे नाही, कपाटावरच्या सफरचंदांकडे पाहिलं. मग एका हातात सफरचंद घेतलं, दुसऱ्या हातात मेथी, आणि मला तुलना शिकवायला लागले. त्यांचं म्हणणं, तुलना करायची तर वजन सारखं धरायचं, नाहीतर ती तुलना नव्हे. सारख्या वजनाला सफरचंदात बघावं तर पाणी, साखर आणि वरून चकाकीचं मेण. मेथीत लोह, चुना, शिवाय पोट साफ. डेंग्यूने अर्धमेला झालेला मी होय होय करत होतो. शेवटी मी विचारलं की नाना, इथे ही मेथी निवडणार कोण आणि शिजवणार कोण. हा मुद्दा त्यांच्या हिशेबात नव्हता.

मग त्यांनी माझी सगळी सफरचंदं वॉर्डभर वाटून टाकली, मला न विचारता. एक मात्र स्वतःच्या खिशात घातलं. मी बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाले, "आमच्या हिच्यासाठी. तिला आवडतंय. कुणाला काय आवडंल, आपुन काय करणार?" दुसऱ्या दिवशी तीच मेथी लसूण घालून परतलेली, बाजरीच्या भाकरीबरोबर डब्यातून आली. ती मी खाल्ली आणि दवाखान्यात पहिल्यांदा तोंडाला चव आली, हे मान्य करायला हवं.

बरा झाल्यावर मी त्यांचाच भाडेकरू झालो. नाना मूळचे मोशीचे. इंद्रायणीच्या बाजूला त्यांच्या घराण्याची भाजीची शेती होती. आता त्या जागी इमारती आहेत, त्यातली एक चार मजली नानांची. खाली ते आणि हिराकाकू, वर आम्ही भाडेकरू. इमारतीच्या मागे मात्र त्यांनी एक पट्टा राखला होता. बिल्डर येऊन बसायचे, चहा पिऊन जायचे, पट्टा तसाच राहायचा. त्यात मेथी, पालक, चाकवत, कडेला शेवग्याची दोन झाडं. त्यांच्या वडिलांचं एक वाक्य ते नेहमी सांगायचे: फळ देवाला आणि आजाऱ्याला, भाजी माणसाला. नानांनी त्यात सुधारणा करून आजाऱ्यालाही फळाच्या बाजूने काढून भाजीच्या बाजूला आणून बसवलं होतं. देवापुढे तेवढी केळी चालत.

त्यांच्या भाडेकरूंना एक जाच होता. नानांना वासावरून कळायचं, कुणाकडे पालेभाजी शिजतेय. मग ते जिन्यात उभे राहून विचारायचे, धुवून चिरली की चिरून धुतली. चिरून धुतली म्हणणाऱ्या बाईचं त्या दिवशी काही खरं नसायचं, कारण सगळं सत्त्व मोरीत गेलं असं त्यांचं मत. उकडलेल्या भाजीचं पाणी ओतून देणं हे तर त्यांच्या लेखी पापच. माझी बायको वैशाली एकदा पालकाचं हिरवं पाणी बेसिनमध्ये ओतत होती. नाना दारातच होते. त्यांनी पातेलं तिच्या हातातून काढून घेतलं आणि उरलेलं पाणी तिथेच उभ्याने पिऊन टाकलं. वैशालीने चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं, पण पाणी ओतायचंही टाकलं.

हिराकाकू या सगळ्याकडे शांतपणे बघायच्या. बाई कमी बोलायची, पण बोलली की नेम चुकायचा नाही. लग्न होऊन त्या ज्या घरात आल्या तिथे सकाळ-संध्याकाळ भाजी होती आणि फळ सणाला. त्यांना सफरचंद मनापासून आवडायचं. वैशालीने कधी आणलं तर त्या आमच्या स्वयंपाकघरात बसून फोडी करून हळूहळू खायच्या, आणि बिया पदरात गोळा करायच्या. नाना विकत आणणार नाहीत आणि काकू मागणार नाहीत, असा त्यांचा जुना करार असावा. फक्त नाना कुणाला दवाखान्यात बघायला गेले की येताना खिशातून एक आणायचे. "आमच्या घरात सफरचंद यायचं," काकू एकदा वैशालीला म्हणाल्या, "तर कंपनीत कुणीतरी आजारी पडायला लागतं." आम्ही हसलो. काकूही हसल्या. नानाही हसले, पण सफरचंद काही आणलं नाही.

कंपनीत नानांचा शब्द शेवटचा असायचा. आलेला भाग ते हातात घेत, मास्टर पीसशेजारी म्हणजे नमुन्याच्या भागाशेजारी ठेवत, खिशाला अडकवलेल्या व्हर्नियरने मोजत आणि ड्रॉइंगवरचा आकडा बोटाने दाखवत. मला त्यांनी पहिल्यांदा शिकवलं ते हेच, की भाग दिसायला कसा आहे याच्याकडे बघू नकोस, ड्रॉइंग काय म्हणतं ते बघ. एकदा एका सप्लायरचा माणूस गयावया करत होता. चुकून दुसऱ्या मॉडेलच्या दांड्या आल्या होत्या, पण काम अगदी सुबक होतं. तो म्हणत होता, साहेब, माल एक नंबर आहे, कशाला परत पाठवता. नाना म्हणाले, "माल एक नंबरच हाय. पन ह्या गाडीचा न्हाई." आणि लाल चिठ्ठी लावून टाकली. त्या माणसाला चहा मात्र त्यांनी स्वतः पाजला.

कँटीन कमिटीतही ते होते. एका वर्षी मॅनेजमेंटने ठरवलं की कामगारांच्या तब्येतीसाठी रोज जेवणात एक सफरचंद द्यायचं. बैठकीला नवा एचआर ऑफिसर आला होता, गोड बोलणारा, तरुण. रोज एक सफरचंद खाल्लं की डॉक्टर लांब राहतो, असं त्याने हसून सांगितलं. नाना उठले. मोशीत सफरचंद कधी पिकलं नाही, मग आमचे आजे काय डॉक्टर उशाशी घेऊन झोपायचे काय, असं त्यांनी शांतपणे विचारलं. मग पिशवीतून एक गाजर काढलं आणि ऑफिसरने नमुन्याला आणलेल्या सफरचंदासमोर ठेवलं. डोळ्यांना कुठलं बरं, आमचं काम नजरेचं आहे, सांगा. खर्चाच्या दृष्टीने मॅनेजमेंटलाही गाजर पटलं. सफरचंद गेलं, त्या जागी ताटात गाजर, काकडी आणि मुळा आला. नाना टेबलाटेबलावर फिरून मुळा कुणी टाकला ते बघायचे. पोरं त्यांच्या धाकाने मुळा खायची. पुढच्या आठवड्यात परतीच्या बसमध्ये एसी बंद करून खिडक्या उघड्या ठेवाव्यात असा अर्ज ड्रायव्हरनेच केला. नानांनी मुळ्याच्या जागी बीट सुचवलं, पण माघार घेतली असं कधी म्हटलं नाही.

ते रिटायर झाले त्याच सुमाराला काकूंची तब्येत उतरायला लागली. जुना मधुमेह होता, ब्लडप्रेशर होतं. डॉक्टरांनी मूत्रपिंड कमजोर झाल्याचं आणि रक्त कमी असल्याचं सांगितलं, मीठ कमी करायला सांगितलं, पुन्हा तपासणीला बोलावलं. नानांनी मीठ कमी केलं. बाकी त्यांच्या लक्षात राहिलं ते एवढंच की हिच्या अंगात रक्त कमी आहे. चेहरा पांढुरका दिसत होता, जिना चढताना धाप लागत होती. आता रक्त वाढवायचं म्हटल्यावर नानांना कुणाला विचारायची गरजच नव्हती. पट्टा मागेच होता.

रोज सकाळी ते पालक आणि शेवग्याचा पाला खुडून आणायचे, उकळायचे आणि ते दाट हिरवं पाणी पेलाभर काकूंना द्यायचे. दुपारी चाकवत, रात्री मेथी, मध्ये टोमॅटोचं सार. काकू तोंड वाकडं न करता प्यायच्या. वैशालीने एकदा म्हटलं की नाना, त्यांना जेवण जात नाही, एखादं फळ द्या. नाना म्हणाले की फळाने काय होतंय, पाला बघ कसा अंगी लागतो. ते हे इतक्या प्रेमाने करत होते की आडवं बोलायला कुणाची जीभ उचलत नव्हती. माझीही नाही.

एक दिवस सकाळी काकूंना उठवेना. हातपाय लुळे पडल्यासारखे झाले होते, छातीचे ठोके चुकत होते. आम्ही गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे रक्त तपासलं, ईसीजी काढला आणि डॉक्टरांची धावपळ सुरू झाली. रक्तात पोटॅशियम फार वाढलं होतं, हृदय कुठल्याही क्षणी थांबलं असतं. लगेच डायलिसिस केलं. काकू वाचल्या. नाना बाकावर बसून होते, हातात झाकणाचा पेला ठेवलेली पिशवी. सकाळचं हिरवं पाणी त्यांनी दवाखान्यातही आणलं होतं, जरा सावरली की देता येईल म्हणून.

दुपारी आहार सांगणारी मुलगी आली. आमच्या भाचीच्या वयाची असेल. तिने विचारलं की काका, आजी रोज काय खात होत्या. नानांनी सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज हळूहळू नेहमीसारखा भरदार होत गेला. पालक, शेवगा, चाकवत, टोमॅटो. पाणी एक थेंब वाया घालवलं नाही. मुलगी लिहायची थांबली. तिने सांगितलं की यातलं काहीही आता द्यायचं नाही. शहाळं नाही, केळं नाही. भाजी द्यायची तर बारीक चिरून, भरपूर पाण्यात उकळून, ते पाणी ओतून द्यायचं. आणि फळ हवं असेल तर सफरचंद, साल काढून, बेताने.

नानांनी तिला तुलना शिकवायला सुरुवात केली. सारखं वजन धर, सफरचंदात काय आहे सांग, पाल्यात काय आहे सांग. मला वाटलं, आता ही पोरगी वैतागणार. पण तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, तुमचं सगळं बरोबर आहे. पाल्यात खूप आहे, सफरचंदात कमी आहे. म्हणूनच पाला नको. आजींच्या मूत्रपिंडाला ते जास्तीचं बाहेर टाकता येत नाही, ते रक्तात साचतं."

ती गेल्यावर नाना उठले, पिशवीतला पेला काढला आणि बेसिनमध्ये ओतायला गेले. पेला नळाखाली धरून बराच वेळ उभे होते. मला त्यांची फार कीव आली. त्या माणसाने आपल्याकडचं सगळ्यात चांगलं तेच बायकोला दिलं होतं, आणि तेच तिच्या जिवावर उठलं होतं. मी जवळ जाऊन म्हटलं की नाना, तुम्हाला काय माहीत होतं. ते म्हणाले, "इचारायला पायजे हुतं. ड्रॉइंग न बघता माल पास केला मी."

त्यानंतर काही दिवस ते पट्ट्याकडे फिरकलेच नाहीत. मेथी जून होऊन फुलावर आली. मला भीती वाटली की रागाच्या भरात ते सगळं उपटून टाकतील आणि एखाद्या बिल्डरला हो म्हणून बसतील. तसं विचारायचा धीरही होत नव्हता. एके सकाळी मी कंपनीच्या बससाठी खाली उतरलो तर नाना पट्ट्यात बसून खुरपत होते. मला बघून त्यांनी चष्मा वर केला.

"पार्ट चांगलाच हाय, परभणीकर," मेथीच्या वाफ्याकडे हात करून ते म्हणाले. "तिचं ड्रॉइंग बदललंय. माल का म्हनून फेकायचा?"

त्या दिवशी चाकणला जाणाऱ्या बसमध्ये मला पहिल्यांदा बरं वाटलं. नाना परत आले होते.

आणि आले ते पूर्ण तयारीनिशी. काकूंचं डायलिसिस कायमचं ठरलं होतं. घरी भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची रीघ लागली. नानांनी दारातच खुर्ची टाकली आणि आलेला माल तपासायला सुरुवात केली. शहाळी घेऊन आलेल्या पुनावळ्याच्या नातेवाइकांना शहाळ्यांसकट बाहेर बसवून, तिथेच फोडून तीच पाजली. केळी परत, मोसंबी परत, सुकामेवा परत. कुणी तरी मोठ्या प्रेमाने शेवग्याच्या पाल्याच्या वड्या आणल्या, तेव्हा नाना त्या बाईला म्हणाले की तुमच्या वड्या फार गुणाच्या आहेत, म्हणूनच आत जाणार नाहीत. पूर्वी सफरचंदवाल्यांना ते हसायचे, आता सफरचंदवाला तेवढा सरळ आत जायचा. काकू पलंगावर पडल्या पडल्या सगळं ऐकायच्या. वैशालीला म्हणाल्या, "बघ, शेवटी मलाच आजारी पडावं लागलं. तवा कुटं पिशवीभर आली."

पुढे आम्ही रावेतला फ्लॅट घेतला आणि मोशी सुटली. जाणं-येणं कमी झालं, फोन मात्र असायचा. नाना फोनवर आमच्या मुलीला विचारायचे, आज कुठली भाजी खाल्ली. सफरचंदाचं नाव काढत नसत.

मागच्या महिन्यात मी मोशीला एका कामासाठी गेलो होतो. मुख्य रस्त्याला फळांच्या गाड्या लागतात, तिथे एका गाडीपाशी नाना दिसले. मी स्कूटर बाजूला घेतली, पण हाक मारली नाही. ते सफरचंदं निवडत होते. एकेक उचलायचे, देठाकडून बघायचे, नखाने मेण खरवडून बघायचे, उजेडात फिरवायचे, आणि नापसंत असेल ते वेगळ्या बाजूला सरकवून ठेवायचे. गाडीवाला कंटाळून दुसरीकडे बघत होता. त्यांच्या खिशाला अजून तेच जुनं व्हर्नियर अडकवलेलं होतं. शेवटी तीन पसंत पडली. पैसे देऊन झाल्यावर मी पुढे झालो. पिशवी पाठीमागे लपवायचा त्यांनी एक क्षण प्रयत्न केला, मग हसले आणि म्हणाले, चल घरी.

काकू खूप वाळल्या होत्या, पण बसलेल्या होत्या. आदल्या दिवशी डायलिसिस झालं होतं म्हणून जरा तरतरी होती. नानांनी गॅसवर चिरलेला दोडका मोठ्या पातेल्यात उकळत ठेवला होता. उकळी आल्यावर त्यांनी तो चाळणीत गाळला. खालचं पाणी बेसिनकडे नेता नेता थांबले, पेल्यात ओतलं आणि माझ्याकडे न बघता पिऊन टाकलं. मग चटईवर काकूंसमोर बसले आणि सफरचंद सोलायला घेतलं. साल इतकी पातळ काढत होते की कागदासारखी लांब पट्टी लोंबत होती. एकेक फोड ते काकूंच्या हातात देत आणि ती संपेपर्यंत पुढची कापत नसत. बाहेर पट्ट्यातल्या मेथीला पाणी चालू होतं, त्याचा आवाज येत होता.

फोडी संपल्या तशी नानांनी सालीची पट्टी उचलून तोंडात टाकली आणि चावायला लागले. काकू बघत होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाल्या, "खायला लागले बरं का सफरचंद. म्हातारपनी."

नानांनी घास गिळला, चष्मा सारखा केला.

"मी कुटं सफरचंद खातोय?" ते म्हणाले. "मी साल खातोय."

काकू पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, आणि नाना दुसरं सफरचंद पुसायला लागले.